पाच देशांना न सापडलेलं सामान

आमच्या घरातल्या प्रत्येक कॅमेऱ्याला पट्टी लावलेली आहे. माझ्या मोबाइलला पुढून, यांच्या मोबाइलला पुढून आणि मागून, आणि लेकीनं पाठवलेल्या टॅबला तर अशी, की पाहणाऱ्याला वाटावं बिचारा कुठंतरी पडला असेल. मेडिकलमध्ये मिळते ती पांढरी चिकटपट्टी. बोट कापलं तर लावायला घरात सापडत नाही, सगळी कॅमेऱ्यांना खर्ची पडते. मला व्हिडिओवर बोलायचं असलं की मी ती नखानं उचलते, बोलून झालं की परत दाबून बसवते. चारदा उचलली की तिचा गोंद जातो, मग हे नवीन तुकडा कापून लावतात.

हे म्हणजे आमचे हे. जबलपुरातल्या एका संरक्षण कारखान्यात यांची सगळी नोकरी गेली. तिथं काय बनवायचे ते मला आजपर्यंत माहीत नाही.

लग्न ठरवायला माझे बाबा वर्ध्याहून आले होते, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं होतं, कारखान्यात काय बनवता? हे म्हणाले, "सामान." बाबा थांबले, पुढं काही येईल म्हणून. पुढं काही आलं नाही. बाबांनी घरी येऊन सांगितलं की मुलगा कमी बोलतो, पण नोकरी पक्की आहे. मला वाटलं, लाजत असेल, लग्नानंतर सांगेल. कुठलं काय. नवी असताना लाडात येऊन विचारलं, मग रागावून विचारलं, मग विचारणंच सोडलं. गेटच्या आतलं गेटच्या आत, हा तिथला नियम, आणि हे नियमाचे असे पक्के की झोपेत बडबडले असते तरी 'सामान'च बडबडले असते.

आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत हेच होतं म्हणा. लेकीनं शाळेत निबंध लिहिला, मेरे पिताजी सामान बनाते हैं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी तेच लिहिलं होतं. बाईंना काही वाटलं नाही, त्यांचेही मिस्टर तिकडंच होते. मी स्वतः राइट टाउनच्या एका शाळेत गणित शिकवायची. माझी नोकरी अशी की शाळेत घडलेलं सगळं घरी येऊन सांगितल्याशिवाय पोट दुखायचं. हे ऐकून घ्यायचे, जेवायचे, आणि म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मला वाटायचं, हे मला बोलून राहिले का स्वतःला?

कारखान्याच्या गेटवर आधी काडेपेटी जमा करावी लागायची, पुढं मोबाइल आले तर मोबाइल. मोबाइल द्यायचा, पितळी बिल्ला घ्यायचा, सुटताना बिल्ला द्यायचा, मोबाइल घ्यायचा. जवान खिसे-डबा तपासायचा आणि मान हलवायचा. ती मान हलली की माणूस घरी. हे मी स्वतः पाहिलेलं आहे, एकदा यांचा डबा घरी राहिला म्हणून स्कूटीवर द्यायला गेले होते. डबा आत गेला, मी बाहेर.

रिटायर झाले त्या दिवशी सोबतच्या लोकांनी हार घालून, बँड लावून, उघड्या जीपमधून यांना गढा भागातल्या आमच्या घरापर्यंत नाचवत आणलं. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आंघोळ करून, भांग पाडून बसले, आणि सांभाळायला काहीच नव्हतं. मला दया आली खरी. पण ती फार दिवस टिकली नाही, कारण त्याच वर्षी लेक आणि जावई कॅनडाला गेले आणि यांना नवीन ड्यूटी लागली.

माणूस रिटायर झाला की वाचतो. यांनी कुठंतरी वाचलं, मग त्यावर आणखी वाचलं. इंग्रजी बोलणाऱ्या पाच देशांची फार जुनी, महायुद्धाच्या काळापासूनची युती आहे. एकानं जे ऐकलं ते बाकी चौघांना सांगायचं. त्या पाचांत एक कॅनडा. मला पोळ्या लाटताना हे सगळं ऐकावं लागलं. आपल्याच देशातल्या माणसावर पाळत ठेवायची तर कायदा आडवा येतो, म्हणून शेजाऱ्याला म्हणायचं, तू माझ्या घरात डोकाव, मी तुझ्या घरात डोकावतो, मग गच्चीवर बसून बोलू. असं खरंच चालतं की नाही यावर वाद आहेत, हेही यांनीच सांगितलं. हे खोटं बोलत नाहीत, फक्त सगळं खरं बोलत नाहीत. पुढं म्हणे पाचाचे नऊ झाले, नवाचे चौदा. मी म्हटलं, झालं तर मग, चौदा भुवनांत तुमचीच कीर्ती. आणि पाचामुखी परमेश्वर ऐकलं होतं, हा पाचाकानी परमेश्वर नवीनच निघाला.

थट्टा करून करून किती करणार. एकदा मी खरंच विचारलं, की आम्ही मायलेकी बोलतो काय, तर वरणात मीठ कमी पडलं. एवढं ऐकायला पाच देश कशाला बसतील? तेव्हा हे चिडले नाहीत. म्हणाले, आपल्या चौकातला तो म्हातारा पानवाला आठवतो का? आठवत होता. कारखान्यात ओव्हरटाइम सुरू झाला की त्याच्याकडं माणसं जास्त यायची, वेगळ्या वेळी यायची, पान जास्त खपायचं. पेपरात यायच्या आधी तो सांगायचा की सीमेवर काहीतरी चाललंय. त्याला कोणी एक शब्द सांगितला नव्हता. त्यानं फक्त कोण कधी येतं ते पाहिलं होतं. हे लोक तेच करतात, म्हणाले. तू काय बोलली ते राहू दे बाजूला. कोणाशी, कधी, किती वेळ बोलली, एवढं पुरतं. मी तव्यावरची पोळी उलटली.

आणि हे वेडे नाहीत, हेही सांगते. एकदा मला व्हिडिओवर एक वर्दीतला माणूस दिसला. तुमच्या नावानं पार्सल पकडलंय, म्हणाला, फोन ठेवायचा नाही, कोणाला सांगायचं नाही. आयुष्यभर पोरांना गणित शिकवणारी मी, त्याच्या प्रश्नांची उत्तरं देऊन राहिली होती. बँकेचं विचारायला लागला तेवढ्यात हे मागून आले, कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली, आणि मग फोन बंद केला. मला एक शब्द बोलले नाहीत. चहा करून आणला, तो मात्र फार गोड होता. त्या दिवसापासून मी पट्टीला नावं ठेवणं कमी केलं.

पण अति तिथं माती, ते काही खोटं नाही. गेटसारखाच यांनी दाराजवळ एक स्टीलचा डबा ठेवला, येणाऱ्यानं मोबाइल त्यात ठेवायचा. माझ्या हळदीकुंकवाला बायका आल्या तर हे डबा घेऊन दारात उभे. एकीला वाटलं मंडळाची वर्गणी आहे, तिनं नोट टाकली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मग यांनी नवीन ॲप शोधलं, निरोप इकडून तिकडं कुलूपबंद नेणारं, मधला कोणी वाचू शकत नाही असं. त्यात यांनी स्वतःच्या हातानं एक सोय चालू केली, की आठवडा झाला की निरोप आपोआप पुसला जाईल, आमच्या टॅबवरचाही आणि लेकीकडचाही. नातीचा फोटो आला की मी आठवडाभर पाहून घ्यायची, मग तो गायब. दात पडलेला फोटो गेला, दिवाळीचा परकरपोलक्यातला गेला. मी भांडले. हे म्हणाले, डोक्यात ठेव न, डोकं कशाला दिलंय?

नात लहान असताना एकदा इथं आली होती, पण तेव्हा ती नुसती रांगायची, तिला काय आठवणार. नंतर कधी सुट्टी नाही, कधी कागदपत्रं नाहीत, येणं झालं नाही. आता ती शाळेत जाते. मराठी तिला सगळं समजतं, बोलते मात्र तोडकं-मोडकं, मध्ये इंग्रजी, मध्ये हिंदी. आमची सकाळ झाली की त्यांची संध्याकाळ असते, तेव्हा ती टॅबवर यायची. हे टॅबच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी खुर्ची टाकून बसायचे. तिचं सगळं ऐकायचे, मान वाकडी करून, पण एक शब्द बोलायचे नाहीत. चेहरा नाही आणि आवाजही नाही. आवाज हा अंगठ्याच्या ठशासारखा असतो, म्हणायचे, आजकाल मशीन तो उचलतं आणि हुबेहूब तुमच्यासारखं बोलतं. कुलूप कितीही चांगलं असलं तरी तिकडं टॅब कोणाच्या हातात पडेल ते काय माहीत? लेकीशी महिन्यातून एकदा साध्या फोनवर दोन वाक्यं, बरं आहे न, चलो ठेवतो.

नात विचारायची, "आबा कुठे?" मी म्हणायची, इथंच आहेत. तिच्या लेखी आबा म्हणजे देव झाला होता. सगळे म्हणतात आहे, दाखवत कोणीच नाही.

आता खरी गोष्ट. यांचा आवाज मोठा होता. मशीनच्या आवाजात बोलायची सवय, घरातसुद्धा चौकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायचे. तो आवाज बसला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं धूळ, मग ज्येष्ठमधाच्या काड्या चघळणं सुरू झालं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आवाज काही सुटेना. दवाखान्यात जायचं नाव काढलं की, कशाला, बोलायचंय कोणाशी? शेवटी मी हात धरून नेलं. इथल्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि नागपूरला जायला सांगितलं. नागपुरात माझा भाऊ राहतो, तो सोबत आला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला एक भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. जीव वाचेल, आवाज जाईल. पुढं एखादं यंत्र लावून बोलता येईल, पण तो आवाज यंत्राचा.

यांनी एवढंच विचारलं, तारीख कधीची मिळेल? मिळाली ती पंधरवड्यानंतरची. तोवर आम्ही जबलपूरला परत आलो, बँकेची वगैरे कामं होती.

घरी आल्यावर यांनी पहिलं वाक्य काय बोलावं? लेकीला सांगू नको. ती तिथं बसून काय करणार, जेवढं ज्याच्या कामाचं तेवढंच त्याला सांगायचं. अहो, कारखान्याचा नियम तो! गळ्याला लावून राहिले होते! मी त्याच दिवशी गच्चीवर जाऊन साध्या फोनवरून लेकीला सगळं सांगितलं. पाच काय, पन्नास देशांनी ऐकलं असतं तरी मला पर्वा नव्हती. लेक रडली. तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, शेवटचे महिने, डॉक्टरांनी विमान नको सांगितलेलं. तिला येणं शक्यच नव्हतं.

फोन ठेवला आणि मी गच्चीवरच बसले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पोरीनं कळत्या वयात आपल्या आजोबाचा आवाज ऐकलेला नाही. या पंधरवड्यात ऐकला तर ऐकला, नाहीतर जन्मात नाही.

खाली येऊन मी यांना तेच सांगितलं. हे नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं, परत नाही. शांतपणे नाही म्हणायचे, त्याचा मला जास्त संताप यायचा. तिसऱ्या वेळी माझा तोल गेला. हे अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते, शेजारी ऐकत असतील याचंही मला भान राहिलं नाही.

मी म्हटलं, "पाच देशांपासून लपवून लपवून जपला न आवाज? आता तो डॉक्टर कापून टाकणार आहे. कोणासाठी जपला होता? काहून जपला, सांगा न मला!"

यांनी होत्या तेवढ्या सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं, झारी उलटी करून ठेवली, पाय धुतले. मग आत आले आणि म्हणाले, टॅब दे.

मी टॅब दिला, निरोप कसा रेकॉर्ड करायचा ते दाखवलं. दाखवायची गरज नव्हती, त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. आणि मी तिथंच पलंगावर बसले, यांचं बोलणं ऐकायला. हे माझ्याकडं पाहत राहिले.

"तू बाहेर जा," म्हणाले. "निरोप तिच्यासाठी आहे."

मी! एवढा संसार केला, त्या नातीच्या आईला मी जन्म दिला, आणि मी बाहेर! मी स्वयंपाकघरात जाऊन मुद्दाम भांडी आपटली. यांनी उठून दार लावून घेतलं. दाराआडून शब्द काही कळत नव्हते, नुसती ती बसलेली, घासलेली घरघर ऐकू यायची. पण किती वेळ! फोनवर दहा शब्दांच्या वर न जाणारा माणूस, आणि कुकरच्या शिट्ट्या झाल्या, वाफ गेली, तरी आत बोलणं चालूच. मध्ये एकदा हसलेसुद्धा. मग खोकला आला, थांबले, पाणी प्यायले असतील, परत सुरू. मी भांडी आपटणं बंद केलं आणि दाराला टेकून उभी राहिले. शब्द नाही तर नाही, आवाज तर माझाही होता तो.

निरोप गेला. सोबत लेकीला सूचना, की हेडफोन लावून फक्त पोरीनं ऐकायचा, दुसऱ्या कोणी नाही. लेकीनं मला सांगितलं, पोरगी खाटेवर मांडी घालून बसली होती, दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरले होते, आणि डोळे मिटले होते. ऐकून झाल्यावर म्हणाली, परत. परत ऐकवला. मला एवढं ऐकूनच बरं वाटलं. काम झालं म्हटलं.

त्यानंतर नागपूर. ऑपरेशन नीट झालं, त्याचं काही लिहीत नाही. नाकातली नळी, गळ्यातली नळी, रात्रंदिवस ते खोकल्याचं पाणी पुसणं, भावाच्या घरून येणारा डबा. यांना एक पाटी आणून दिली, खडूनं लिहायचे. पहिलं काय लिहिलं तर, 'मोबाइल कुठे ठेवला?' मी म्हटलं, डब्यात.

जबलपूरला घरी आलो, जरा स्थिरस्थावर झालं, आणि तेव्हा मला त्या निरोपाची आठवण झाली. घर फार शांत झालं होतं. चौकापर्यंत जाणारा आवाज नाही की ती घरघर नाही. मी लेकीला म्हटलं, चुपचाप मला पाठव तो निरोप, बाबांना सांगत नाही. यांचा आवाज असलेलं दुसरं काहीही आमच्या घरात नव्हतं. लोकांकडे लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ असतात. आमच्याकडे यांच्या धाकानं कोणी काही ठेवलंच नव्हतं.

लेक म्हणाली, "आई, तो नाही आहे."

आठवडा झाला होता. आपोआप पुसला गेला. आमच्याकडून आणि तिच्याकडून. तो नियम आमचाच, आम्ही इतकी वर्षं पाळलेला, आणि त्या गडबडीत कोणाच्याही डोक्यात आलं नाही की या एका निरोपापुरता तो काढून ठेवावा. तिनं स्वतःही ऐकला नव्हता. बाबा नको म्हणाले होते हे एक, आणि दुसरं म्हणजे तिची हिंमतच झाली नव्हती. ऑपरेशन पार पडलं की एकटी असताना चोरून ऐकेन, असं तिनं ठरवलं होतं. आहे तो कुठं जातो, असं वाटलं होतं तिला.

मी टॅब पिशवीत घातला आणि बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार भैया ओळखीचा. त्यानं उघडून पाहिलं, इकडं-तिकडं बोट फिरवलं आणि परत दिला. "दीदी, जो मिट गया सो मिट गया. ये ऐप बना ही इसलिए है." मी म्हटलं, देख लो भैया, कहीं तो होगा. त्यानं नुसते हात जोडले.

ऑटोत बसून घरी येताना मी रडत होते, आणि मनातल्या मनात त्या पाच देशांना बोलत होते. बापहो, तुम्ही म्हणे सगळं ऐकता, सगळं साठवून ठेवता. मग हा एक निरोप असेल न तुमच्या गोदामात? ठेवा, तुम्हीच ठेवा, पण मला एकदा ऐकवा. काय पाहिजे ते विचारा, वरणातलं मीठसुद्धा सांगते. घरी आले ती डोळे सुजलेलीच. यांच्यापासून लपवून काय फायदा, सगळं सांगितलं, गोदामाचंही सांगितलं. यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'त्यांच्याकडे पण नसेल. कुलूप चांगलं होतं.' लिहिताना चेहऱ्यावर जरा ऐट होती. मग ते आपलंच लिहिलेलं वाचत बसले, आणि ती ऐट गेली. तळहातानं पाटी पुसली आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

दोन-चार दिवसांनी सकाळी नात टॅबवर आली. मी पट्टी उचलून पाटावर चिकटवून ठेवली. हे बाजूच्या खुर्चीत, नेहमीप्रमाणे दिसणार नाहीत असे, गळ्याला पांढरा कपडा. नात चित्र रंगवत बोलत होती. भाऊ होणार की बहीण, शाळेत कोण कोणाशी बोलत नाही, असं सगळं. मग माझ्या मनात आलं, हिनं तर ऐकलंय. दोनदा ऐकलंय. मी सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, की आबांनी तुला काय सांगितलं होतं गं?

तिनं खडू खाली ठेवला. मागं वळून आई कुठं आहे ते पाहिलं. मग तोंड एकदम टॅबजवळ आणलं.

"सामान," म्हणाली.

मी वाट पाहिली, पुढं काही येईल म्हणून. पुढं काही आलं नाही. कसलं सामान गं, मी म्हटलं. तिनं ओठ मिटून घेतले. मागून लेकीचा आवाज आला की आई, मी शंभरदा विचारलं, चॉकलेट देते म्हटलं, रागावले, तेवढंच सांगते. मला असा राग आला, आणि असं रडू आलं. एवढ्या वर्षांत मला जे नाही सांगितलं, ते हिला सांगितलं का काय? का नुसती माकडाची गोष्ट सांगितली आणि गप्प राहायला शिकवलं? सांगणारा आता बोलू शकत नाही, आणि ऐकणारी बोलायला तयार नाही. हुबेहूब यांच्यासारखं म्हणाली ती, तसंच खाली पाहून, तसंच तोडून.

बाजूच्या खुर्चीतून फसफस आवाज आला. मला वाटलं नळी अडकली, मी धडपडत उठले. तर हे हसत होते. तोंडातून आवाज नाही, गळ्याच्या कपड्यातून नुसती हवा, आणि डोळ्यांतून पाणी. मग यांनी हात लांब करून टॅब धरला आणि स्वतःकडं वळवला.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. नातीनं पाहिलं. पांढरी दाढी वाढलेली, गळ्याला कपडा, डोळे ओले. कोण आहेत म्हणून तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

"आबा," म्हणाली, "मी नाही सांगितलं."

यांनी गेटवरच्या जवानासारखी एकदाच मान हलवली.